ओळीतल्या लाकडी खिडक्या

३ नोव्हेंबर

भिंगरे,

तू फोन कापतेस म्हणून लिहायला बसले. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायचं तर निदान दोन्ही हातांत धरावं लागतं, तेवढ्यात चार अक्षरं डोळ्यांखालून जातील असा माझा हिशेब आहे. माझं शिक्षण किती ते तुला ठाऊक आहे, काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर समजून घे. मामाला लिहायला सांगितलं असतं, पण तो मध्ये स्वतःची अक्कल घालतो.

आशीर्वाद देते. घ्यायचा की नाही ते तू बघ.

खिडक्यांचं तुला कळलंच आहे. मामाने अख्ख्या खानदानाला फोटो पाठवला, वर लिहिलं, "आईच्या नव्या खिडक्या", जसं काही घरात बारसं आहे. मी त्याला बजावलं होतं, भिंगरीला मी सांगते, तू मध्ये पडू नकोस. पण त्याच्या बोटांना दम निघत नाही. तुला असं फोटोतून कळायला नको होतं. एवढं आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा.

आता काय झालं ते ऐक. वादळ आलं. साधंसुधं नाही, कोपऱ्यावरच्या बेकरीची पाटी उडून गादीवाल्याच्या छपरावर पडली. माझ्या पलंगाजवळची खिडकी, जिची खालची पट्टी अंगठ्याने दाबून तू म्हणाली होतीस, "आजी, हे लाकूड नाही, भिजवलेला पाव आहे," ती आता कशी टिकणार होती. पाणी आत, गादी ओली, आणि मी या वयात फडकी पिळत बसलेली. मग मामा म्हणाला, आता पुरे झालं. त्याने माणूस बोलावला. मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणायला अंगात जोर लागतो.

तू सांगितलं होतंस, "उन्हाळ्यापर्यंत थांब. माझं शिकणं संपतं, मी येते, तुझ्या खिडक्या माझं पहिलं काम. मग आपल्या घरांच्या ओळीतल्या बाकीच्यांच्या." मी हो म्हटलं होतं. शिंपिणीसमोर, गादीवाल्यासमोर, सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं. ते मी विसरलेली नाही. पण वारा काय माझ्याकडून तारीख घेऊन येतो?

नव्या खिडक्या अॅल्युमिनियमच्या आहेत, सरकत्या, पांढऱ्या. कशा आहेत ते तू विचारणार नाहीस. ठीक आहेत.

जेवत जा. मिस्त्रीकडे उपाशीपोटी करवत चालवू नकोस, हात थरथरतो.

तुझी आजी


१९ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, पंचनामा. "मामाच्या फोटोत अंगण कोरडं आहे. झाडाला सगळी पानं आहेत. वादळ त्यानंतर आलं." खाली नाव नाही, वर नमस्कार नाही. पोलिसांत का गेली नाहीस तू, लाकडात कशाला जन्म घालवतेस?

बरं, वादळ नंतर आलं. आलं तेव्हा नव्या खिडक्या बसून झाल्या होत्या. बेकरीची पाटी उडाली ती खरी. ती मी आतून काचेतून बघितली, चहा पीत. फडकं पिळलं नाही. झालं समाधान?

पण म्हणून मी हौसेने केलं असं समजू नकोस. मामीने टुमणं लावलं होतं. रोज सकाळी येऊन पडद्याला हात लावायची आणि म्हणायची, "आई, हा पडदा बघा, खिडकी बंद असून हलतोय." मी म्हणायचे, हलतो तर हलू दे, तुला काय त्याच्याशी लग्न लावायचंय? पण एक माणूस किती दिवस तेच बोलतो. मामाचंही तेच. माझा गुडघा, माझा खोकला, माझं वय. त्या दोघांनी मिळून माझं वय इतक्यांदा काढलं की मलाच वाटायला लागलं, आपण उद्यापरवा जाणार.

खिडक्या बसल्यापासून बघायला लोक येतात. दार लावून घेऊ का? शिंपीण आली. तिने खिडकी इकडून तिकडे सरकवली, पुन्हा तिकडून इकडे, आणि म्हणाली, "आजी, लोणी आहे हो लोणी." मी म्हटलं, एका बोटाने ढकल, बघ. तिने एका बोटाने ढकलली. मग करंगळीने. तिची मशीन खिडकीखाली असते, धूळ उडून कापडावर बसते, हे तुला माहीत आहेच. तिने माझ्या खिडक्या बसवणाऱ्या काचवाल्याचा नंबर मागितला. मी दिला. नंबर दिला म्हणजे कोणाचा गळा कापला नाही.

शेजारणीशी मी बोलत नाही, तशी तीही आली नाही. मास्तरीण. शाळा सुटली तरी तोंडावरची छडी गेली नाही. आपल्या खिडकीतून माझ्या खिडकीकडे बघत असते, तेवढंच.

स्वयंपाकघरातल्या खिडकीचं तू काही विचारलं नाहीस. नको विचारूस.

तुझी आजी


६ डिसेंबर

भिंगरे,

मामीला फोन करून तू खात्री करून घेतलीस. बरोबर केलंस. मी सगळं तिच्या पदरात टाकलं होतं, ती गप्प कशाला बसेल? माझ्यासमोर उभी राहून तुला म्हणाली, "अगं, आम्ही नाही गं. आम्ही तर म्हणत होतो, पोरगी येईपर्यंत थांबा. आईंनीच काचवाल्याला हाक मारली." मग फोन हाताने झाकून मला विचारते, "खोटं बोलले का, आई?" मी वाटाणे सोलत होते. सोलत राहिले.

तर हाक मी मारली. तो पलीकडच्या गल्लीतलं काम आटोपून चालला होता, खांद्यावर फुटकी काच, मागे त्याची माणसं. मी दारात होते. म्हटलं, "अरे, माझ्याही बघ जरा." तो म्हणाला, "माप घेऊन ठेवतो आजी, घेतलंच पाहिजे असं नाही." मी म्हटलं, "माप घेतोस तर बसवायचा दिवसही सांग." बस, एवढंच झालं. वारा नव्हता, गुडघा दुखत नव्हता, मामी तिच्या घरी होती. पडदा मात्र हलत होता, पण तो गेली कितीतरी वर्षं हलतोय.

का, ते आता लिहिते. यासाठी चार कागद चुरगळले, म्हणून पत्राला उशीर.

सुट्टीत आलीस तेव्हा तू स्वयंपाकघरातली खिडकी केलीस. कुजलेलं तेवढं कापून काढलंस, त्याच जातीचं लाकूड शोधून जोड दिलास, काचेच्या कडेने नवीन पुट्टी भरलीस, आणि मला म्हणालीस, "डोळे मिटून बोट फिरव, जोड कुठे आहे ते सांग." मला सांगता आलं नाही. मी सगळ्या ओळीला बोलावून दाखवली ती खिडकी. गादीवाल्यालाही बोट फिरवायला लावलं. म्हणून तर ते सगळे थांबायला तयार झाले, माझ्या शब्दावर.

आणि लोक गेल्यावर मी तिथे उभी राहून मनात म्हटलं, ही काही परत येत नाही.

उलटं वाटेल तुला, पण तसंच वाटलं. असा हात असलेलं माणूस या ओळीत कशाला येऊन पडेल? हात वाईट असता तर आली असतीस. तुझी आईही "वर्षभरात येते" म्हणून गेली, तुला माझ्या कडेवर देऊन. ती तिकडचीच झाली, सणावाराला फोन करते, तब्येत विचारते. तिचं मला आता काही वाटत नाही. पण वाट बघणारी बाई साऱ्या गल्लीला दिसते, हे तुला माहीत नाही. दळण घेऊन चालली तरी कोणीतरी विचारतं, "काय, काही कळलं का?" आणि या खेपेला तर लोकांना निमित्तच मिळालं होतं. माझ्या कुजक्या खिडकीकडे बघायचं आणि विचारायचं, "मग, कधी येतेय पोरगी?" बेकरीवाला विचारायचा, गादीवाला विचारायचा. मी सांगायचे, उन्हाळ्यात. सांगताना माझंच मला खरं वाटायचं नाही. खिडकी बदलली की हा प्रश्न संपला, एवढाच विचार होता. तू न येण्याच्या आधी मीच आटोपून घेतलं.

तुला मी तुझ्या आईच्या मापाने मोजलं. तू तिच्यासारखी वागली नव्हतीस. दर आठवड्याला फोन करायचीस.

आता स्वयंपाकघराचं. काचवाल्याच्या माणसांनी बाकीच्या सगळ्या काढल्या आणि आत येऊन विचारलं, "ही पण काढायची ना?" मी त्यांच्यासाठी चहा गाळत होते. गाळणी माझ्या हातात होती आणि मी म्हटलं, "काढा." ती राहू द्या, एवढं म्हणायला काय लागत होतं? एक पांढरी नसती, एक लाकडी असती, घर काही पडलं नसतं. पण तोंडातून आलं, काढा. निघेना ती. बाकीच्या एका हिसड्यात हातात आल्या होत्या, ही निघेना. शेवटी चौकट करवतीने कापली. कापणारा म्हणाला, "कोणी केलंय हो हे? जोड कुठे दिलाय दिसतच नाही." मी त्याला सांगितलं नाही कोणी केलंय. कप विसळायला घेतले. तुकडे त्यांच्याच गाडीतून गेले. कुठे गेले ते मी विचारून आले, जाळून झाले होते.

शिंपिणीच्या खिडक्या बसल्या. बेकरीवाल्याच्याही. गादीवाल्याला मी अडवायला गेले, म्हटलं, तू तरी थांब, भिंगरी येणार आहे. तो गादी उसवत होता, मान वर न करता म्हणाला, "आजी, तुम्हीच थांबला नाहीत. आम्ही कोणाच्या भरवशावर थांबायचं?" त्याच्याही बसतील या आठवड्यात.

तू ज्या घरांवर पोट भरणार होतीस ती अशी एकेक चालली आहेत. मी एकटीने बदलल्या असत्या तर तुझं एक काम गेलं असतं. मी सगळ्यांना हात धरून रस्ता दाखवला.

अजून एक, तेही लिहून टाकते. खिडक्या चांगल्या आहेत. आवाज येत नाही, वारा येत नाही, मला झोप लागते. वाईट असत्या तर मला तरी बरं झालं असतं.

आजी


२८ डिसेंबर

भिंगरे,

तुझं पत्र नाही. मामीकडून कळलं की मिस्त्री तुला तिकडेच कायम ठेवून घेतोय आणि तू हो म्हणायच्या बेतात आहेस. मामीने कारण विचारलं तर म्हणालीस, "ओळीत आता माझ्यासाठी उरलंय काय?" मामी ते मला तुझ्याच आवाजात सांगत होती. तिला नकला चांगल्या जमतात.

मी जे मनात धरलं होतं ते मीच घडवून आणलं. आता कोणी म्हणायला नको की म्हातारीला पुढचं दिसत नाही.

गप्प बसवेना, म्हणून मी एक उद्योग केला. त्यात नाक कापलं गेलं, ते तुझ्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी मीच सांगते. ओळीच्या टोकाला बसवाला राहतो, तोच, रात्री बस चालवून दुपारी घोरतो तो. त्याच्या खिडक्या अजून लाकडी होत्या, पण काचवाला माप घेऊन गेला होता. मी त्याच्या दारात जाऊन म्हटलं, "बाबा, माझं ऐक, या नव्या खिडक्या घेऊ नकोस. फसवणूक आहे. पाणी गळतं."

तो म्हणाला, "गळतं? कुठून?"

मी म्हटलं, "खालून. रबराच्या पट्टीतून. गादीपर्यंत येतं."

"पण आजी, मागच्याच महिन्यात तुम्ही माझ्या बायकोचा हात धरून खिडकी सरकवायला लावलीत. म्हणालात, आयुष्यभर लाकडाशी कुस्ती केली, आता सुख आहे."

"तेव्हा गळत नव्हतं."

"बघू चला," म्हणाला, आणि निघालाच बादली घेऊन. मी म्हटलं, आता कशाला, तुझी झोप मोडेल. ऐकतोय कुठे. माझ्या खिडकीवर बाहेरून बादली ओतली. शिंपिणीला आत उभं केलं. "येतंय का पाणी?" शिंपीण म्हणाली, "थेंब नाही." मग दुसरी बादली. बेकरीवाला हात पुसत आला, गादीवाल्याची पोरं आली. थेंब नाही. मी आपली दारात उभी, पावसात विसरलेल्या छत्रीसारखी. बसवाला भला माणूस, मोठ्याने हसला नाही. म्हणाला, "आजी, तुमची खिडकी नंबर एक आहे. माझ्याही अशाच बसवतो." दुसऱ्या दिवशी त्याने काचवाल्याला होकार कळवला.

म्हणजे ज्याचं बहुतेक ठरलं होतं, त्याचं मी पक्कं करून आले.

या सगळ्या तमाशात मास्तरीण तिच्या खिडकीत उभी होती. लाकडी खिडकी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओळीत आता तिच्याच तेवढ्या उरल्यात. पुढच्या दोन, मागच्या चार, सगळ्या रंग उडालेल्या, एकीची कडी सुतळीने बांधलेली. तिला पैशाची ददात नाही, पेन्शन येते. मग तिने का बदलल्या नाहीत, हे मला कळेना. तिला जाऊन विचारायचं म्हणजे माझ्या जिभेला फोड येईल. तू चौथीत असताना तिने तुला गणितात नापास केलं आणि मी शाळेत जाऊन सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं होतं, तुला शिकवता येत नाही, म्हणून पोरगी नापास. त्यानंतर आम्ही एका नळावर पाणी भरलं, एका भिंतीला पाठ लावून राहिलो, पण शब्द नाही.

मिस्त्रीला हो म्हणायचं तर म्हण. मी थांब म्हणणार नाही, तो हक्क माझा मीच घालवला. पण घाई नसेल तर थोडं लांबव.

आजी


१७ जानेवारी

भिंगरे,

मी मास्तरणीकडे गेले.

आधी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. एकदा तिचा रेडिओ चालू होता म्हणून परतले, एकदा बंद होता म्हणून. तिसऱ्या खेपेला तिनेच आतून म्हटलं, "दार ढकल. किती चकरा मारशील, फरशी झिजेल." मी आत गेले. ती खुर्चीत, पाय स्टुलावर, चष्मा कपाळावर. बस म्हणाली नाही. मीच बसले.

म्हटलं, "तुझ्या खिडक्या बदलायच्या नाहीत का तुला?"

म्हणाली, "नाही."

"का?"

"तू बदलल्यास म्हणून. ओळीतली सगळी मेंढरं तुझ्या मागून गेली. मी कशाला जाऊ?" आणि वर म्हणते, "उद्या तू विहिरीत उडी मारलीस तर आधी मी काठावर खुर्ची टाकून बसेन."

असलं बोलणं ऐकून मी एरवी उठले असते. तुझी शपथ, पाय उठायला निघालेही होते. पण मी बसून राहिले आणि म्हटलं, "माझ्या नातीला काम दे."

तिने चष्मा खाली घेतला. "तीच ना, माझ्या वर्गात पट्टी उलटी धरून मोजायची?"

"आता सुलटी धरते."

"गणितात नापास झाली होती."

"तुझ्याकडे झाली होती. मिस्त्रीकडे नाही झाली." हे तोंडातून गेलं आणि मला वाटलं, संपलं, घालवलं मी. पण तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला.

"येणार आहे ती?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. पण नुकतीच दोन बादल्या पाणी अंगावर घेऊन मोकळी झाले होते. म्हटलं, "माहीत नाही. तिकडे तिला कायमचं काम मिळतंय. तिला इथे यायचं होतं, मी तिची वाट घालवली. ती परत येईल असं मला वाटलं नाही आणि मी तिला दिलेला शब्द मोडला. माझ्याशी बोलत नाही ती."

"तुझ्याशी कोणीच बोलू नये असं माझं पूर्वीपासून मत आहे," मास्तरीण म्हणाली. पण आवाज तसा नव्हता. उठून ती मागच्या खोलीत गेली, मला हाक मारली, आणि एक खिडकी उघडायला लावली. खांदा लावला तेव्हा हलली. खाली लाकूड काळं पडलंय, बोट आत जातं. काचा मात्र सगळ्या जुन्या, एकही फुटलेली नाही. ती म्हणाली, "या वाचतील का?" मी म्हटलं, "मला काय कळतं. तिला विचार." ती म्हणाली, "बरं झालं, एक वाक्य तरी धड बोललीस."

मग तिने अटी घातल्या. आयुष्यभर मुलांना अटी घातल्या, सवय जात नाही. काम तू करायचं, सगळं, घाई नाही, उन्हाळ्यात शिकणं संपल्यावर. राहायचं तिच्याकडे, माझ्याकडे नाही. "तुझ्या त्या पांढऱ्या डब्यात पोरीला झोप लागायची नाही," म्हणाली. मी म्हटलं, लागेल, मला लागते. म्हणाली, "तुला लागते हेच तर."

आणि शेवटची अट. "सहा खिडक्या ती एकटी उतरवणार, चढवणार? हाताखाली माणूस लागेल. तिच्या हाताखाली तू राहायचंस."

मी म्हटलं, "या वयात?"

"भांडताना वय आठवत नाही तुला. रंग खरवडायचा, काचा पुसून ओळीने लावून ठेवायच्या, ती मागेल ते हातात द्यायचं. अंगणात, रस्त्याच्या बाजूला बसून. सगळ्यांना दिसलं पाहिजे."

सगळ्यांना म्हणजे शिंपिणीला, गादीवाल्याला, बसवाल्याला. ज्यांना मी करंगळीने खिडकी सरकवून दाखवली त्यांच्यासमोर मी जुन्या लाकडाचा रंग खरवडत बसायचं. ते विचारणार, आजी हे काय, आणि मला दरवेळी सांगावं लागणार. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मागच्या रस्त्यावरच्या घरांना अजून काचवाला पोचलेला नाही, तिथे तिच्या शाळेतल्या दोन बाई राहतात, काम बघून त्या विचारतील. बघून, सांगून नाही. माझ्या सांगण्यावर आता इथे कोणी गवताची काडीही विकत घेणार नाही.

तर काम आहे, भिंगरे. मी दिलेलं नाही, मास्तरणीने दिलंय, म्हणून घ्यायला हरकत नसावी. तिचा पत्ता तोच, आपल्या पत्त्यात एक आकडा पुढे. लिहायचं तर तिला लिही. मिस्त्रीचं काम धरायचं असेल तर तेही धर, ते चांगलं आहे, पगार महिन्याच्या महिन्याला येईल. यात मी तुला काही सांगणार नाही.

मास्तरीण म्हणाली होती, तू आजपासूनच खरवडायला बस, पोरगी येईपर्यंत तेवढं उरकेल. मी नाही म्हटलं. ती चिडली, म्हणाली आताच आळस? आळस नाही. रंग कसा काढायचा, ओला करून की तापवून, कुठपर्यंत काढायचा, कुठे थांबायचं, मला माहीत नाही. तू यायच्या आधी स्वतःच्या मनाने एकदा मी आटोपून घेतलंय. तू सांगितल्याशिवाय मी त्या लाकडाला नखही लावणार नाही. आलीस आणि माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर मास्तरणीला सांग, ती मला सांगेल. मला सांगायला तिला फार आवडतं.

येणार नसशील तरी तिलाच कळव. मी ते तिच्या तोंडून ऐकेन.

आजी